तिसऱ्या गाळ्यातल्या खुणा

डोमाजी नव्या माणसाला पहिल्यांदा त्याचं वजन विचारीत. नाव, गाव, कोणाचे कोण, हे सगळं त्यानंतर. जाऊन दोन वर्षं झाली त्यांना, पण त्यांची आठवण निघाली की टोलीची माणसं अजून तो प्रश्न त्यांच्या आवाजात विचारतात आणि हसतात. मीही तिथे असलो तर हसतो. हसून झाल्यावर मात्र मला तिथे थांबवत नाही.

तुमसरहून मँगनीजच्या खाणींकडे जाताना एक रुंद नाला लागतो. पूर्वी खाणीची लहान गाडी त्यावरून जायची. ती लाईन बंद पडली, रूळ कोणीतरी उचलून नेले, पण साल झाडाच्या लाकडाचा पूल तसाच राहिला. सात गाळे, खाली एकमेकांना तिरप्या जोडलेल्या खांबांच्या कैच्या, वर आडव्या फळ्या. नाल्यापलीकडच्या टोलीतली, म्हणजे लहानशा वस्तीतली, माणसं त्यावरूनच सडकेवर यायची, कारण दुसरी वाट तीन किलोमीटर फेऱ्याची होती. माझा तुमसरात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढायचं खूळ आलं तेव्हा मी जागा शोधत फिरत होतो आणि हा पूल सापडला. सकाळच्या उन्हात त्या कैच्यांच्या सावल्या पाण्यावर पडतात, त्या पाहून मी गाडीवरून उतरलो होतो.

पहिल्याच शूटिंगला डोमाजी भेटले. भंडाऱ्याचा नवरामुलगा होता, अंगानं भरलेला. मी त्याला पुलाच्या मधोमध उभा करत होतो तेवढ्यात पलीकडून खाकी शर्टातला एक बारकासा म्हातारा आला. पुलावर पाय ठेवण्याआधी त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सरळ नवऱ्यामुलापाशी येऊन उभा राहिला.

"तुमचं वजन किती आहे जी?"

"काहून?"

"नाही, सांगा तं."

"ब्याऐंशी."

"मंग तुम्ही या कडेले या, खिळ्याच्या रांगेवर, खाली तुळई आहे. नवरीबाई मधात राहिल्या तरी चालते."

नवरी खुदकन हसली. नवऱ्यामुलाचं तोंड उतरलं ते पुढच्या वीस फोटोंत तसंच आहे. म्हाताऱ्यानं कमरेची हातोडी काढली, वाकून एकेक फळी ठोकली, कान तिरपा करून ऐकलं आणि आम्हाला कुठून चालायचं ते दाखवलं. चांगलं लाकूड ठण्ण वाजे, कुजलेलं भद् करी. मला दोन्हींतला फरक दहाव्या खेपेला कळू लागला. डोमाजींना तो चालतानाच तळपायाला कळत असावा.

लाईन चालू होती तेव्हा ते तिथे रूळ आणि पूल तपासणारे गँगमन होते. लाईन बंद झाली, नोकरी संपली, डोमाजींचा सकाळचा फेरा मात्र संपला नाही. रोज उजाडल्यावर चहा घेऊन ते पुलावर येत, सातही गाळे ठोकत, आणि ज्या फळीचा आवाज बिघडला तिच्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं फुली मारत. चुना का नाही वापरत, असं मी एकदा विचारलं.

"चुना एका पावसाचा," ते म्हणाले. "पेंट मारला का दोन वर्षं पाहाले लागत नाही."

टोलीच्या बायका, पोरं, सायकल ढकलत वरठीच्या कारखान्यात पाळीला निघालेली माणसं, सगळी ती पिवळी फुली पाहून पाय टाकत. एका फुलीवरही पाय न देता पूल ओलांडायची पोरांची शर्यत लागे. डोमाजी कधी कुणाला ओरडले नाहीत. ते पुलावर कधी बसलेही नाहीत. डबा आणलाच तर खाली उतरून मोहाच्या झाडाखाली खात. ड्युटीवर बसायचं नसतं म्हणत. कोणती ड्युटी, असं विचारायचं माझ्या तोंडावर यायचं, पण मी विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी मला एक काम सांगितलं. नाला आटला होता. गुडघे दुखत असल्यानं कैच्यांवर चढणं त्यांना जमेनासं झालं होतं, आणि वरचे बोल्ट पाहायचे राहिले होते. माझ्या कॅमेऱ्याची लांब लेन्स त्यांनी पाहिली होती. तिनं बोल्ट दिसतील का, एवढंच त्यांना हवं होतं. मी एक सकाळ दिली. ती सकाळ माझ्या धंद्यातली सगळ्यात चांगली सकाळ होती, हे मला नंतर कळलं. आम्ही दोघं पुलाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. डोमाजी बोट दाखवीत, मी फोटो काढी, मग स्क्रीनवर मोठा करून त्यांना दाखवी. ते डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "हा ढिला आहे. हा चांगला. हा आमच्या काशिरामनं बसवला, आता तो नाही." एका खांबावर रंध्यानं गुळगुळीत केलेला हातभर भाग होता. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "एवढं कायले केलं असंल? खाली कोण पाहाले येते? पण केलं पाहा."

त्या फोटोंचे प्रिंट जोडून त्यांनी अर्ज केला. पूल पाडा नाहीतर नीट करा, माणसं येणंजाणं करतात, एवढंच त्यात होतं. एका कार्यालयानं सांगितलं, पूल आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आमच्या कागदात असा पूलच नाही. डोमाजी तो कागद घेऊन माझ्याकडे आले आणि पुन्हा पुन्हा वाचून म्हणाले, "नाही म्हणते. आपण तं काल ठोकून आलो." मग ते बाजारातून पेंटचा नवा डबा घेऊन टोलीला गेले.

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं. पुढचं लिहायचं म्हणून तर बसलो आहे.

त्या पिवळ्या फुल्या माझ्या फोटोंत येत. फोटोत त्या कॉम्प्युटरवर पुसता येतात, मी पुसत असे. कधी कडेला डोमाजीही हातोडी घेऊन उभे असत, त्यांनाही पुसत असे. पण मग लोकांना व्हिडिओ हवा झाला, वरून ड्रोन फिरवलेला. व्हिडिओतून फुल्या पुसत बसायचं म्हणजे आठवडा जातो. माघ महिन्यातली गोष्ट. नागपूरचं एक मोठं घर होतं, त्यांना हाच पूल पाहिजे होता. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी बस धरायला निघालेले डोमाजी मला सडकेवर भेटले. हातात पिशवी, अंगात धुतलेला शर्ट. पोरीकडे गोंदियाला चार दिवस जाणार होते.

"जय भीम, फोटोवाले भाऊ. तुम्ही याल तं एक पाहजा," ते म्हणाले. "तिसऱ्या गाळ्यात आत्ता निघता निघता चार खुणा नव्या केलो. एकदमच गेल्या फळ्या. कोणाले जाऊ देऊ नका."

"नाही जाऊ देणार, मामाजी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आत मी पुलावर गेलो. बरोबर थिनर होतं आणि पॉलिश पेपर. गुडघ्यांवर बसून मी त्या चार फुल्या घासून काढल्या. लाकूड तिथे पांढुरकं दिसू लागलं म्हणून वर धूळ चोळली. नवरा-नवरीला मी दुसऱ्या गाळ्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. तिसरा फक्त मागे दिसत होता. फळ्या कुजक्या आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी सांभाळलं. काम झालं की पुन्हा फुल्या मारायच्या असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं, पिवळा पेंट गाडीच्या डिक्कीत होता. पण ड्रोनची बॅटरी संपली, ऊन चढलं, मंडळी जेवायला ढाब्यावर थांबली होती, त्यांच्यामागे मी निघालो. उद्या येऊन करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिरोड्याला लग्न होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीता त्या फळीवरून गेली. टोलीतली तिशीची बाई, तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला जायची. फुली नाही हे पाहून तिनं रोजच्यासारखा पाय टाकला आणि मांडीपर्यंत खाली गेली. नडगी मोडली. भंडाऱ्याला नेऊन सळई टाकावी लागली. पाय वाचला, पण लंगडं चालणं राहिलं आणि दिवसभर उभं राहायचं मिलमधलं काम सुटलं. आजही बाजारात ती दिसली की मी दुकानाच्या आतल्या खोलीत जातो.

त्याच दिवशी टोलीच्या लोकांनी भीतीनं तिसऱ्या गाळ्यातल्या उरल्यासुरल्या फळ्या उपटून टाकल्या आणि दोन्हीकडे काटे लावले. त्यामुळे डोमाजी गोंदियाहून परतले तेव्हा पाहायला काहीच नव्हतं. सुनीताच्या सासूनं त्यांना रस्त्यातच गाठलं. सगळ्या गावाला खुणा करत फिरता आणि माझ्याच सुनेच्या वाटेवरची राहिली कशी, असं ती म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. डोमाजी ऐकून घेत राहिले, असं मला टोलीच्या एकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या स्टुडिओत आले. चपला बाहेर काढल्या. कधी बसत नसत, त्या दिवशी खुर्चीवर बसले.

"भाऊ, मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पुलावर होते ना?"

"होतो."

"फोटो काढले असतील."

"काढले."

"मंग मले दाखवा. मी चार खुणा केलो होतो. मले पक्कं आठवते. पण आता लोकं म्हणून राहिले तं... फोटोत दिसंल."

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मी कॉम्प्युटर लावला. तो दिवस उघडला. नवरा-नवरी हसत होते, मागे तिसरा गाळा, उन्हात स्वच्छ. डोमाजींनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या जोडप्याच्या खांद्यांमधून मागच्या फळ्या शोधू लागले.

"मोठं करा."

मी मोठं केलं.

"दुसरा दाखवा."

मी दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. त्यांना एखादा कोन राहून गेला असं वाटू नये म्हणून की काय, मी सगळे दाखवले. कुठेच पिवळं नव्हतं. डोमाजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तुम्ही तं हे पुसत नाही ना? कॉम्प्युटरवर?"

"नाही मामाजी," मी म्हणालो. "हे जसे काढले तसेच आहेत."

ते खरं होतं. त्या फोटोंना मी कॉम्प्युटरवर हातही लावलेला नव्हता.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मीच नाही केलो. मले वाटलं केलो." उठले, चपला घातल्या, आणि दारात थांबून मला म्हणाले, "तुम्हाले त्रास झाला."

त्यानंतर डोमाजी पुलावर गेले नाहीत. हातोडी त्यांनी कुणालातरी देऊन टाकली. टोलीतून येणाऱ्या माणसांकडून मला एकेक ऐकू येऊ लागलं. डोमाजी घराची कडी लावून पुन्हा पाहायला परत फिरतात. गॅस बंद आहे ना, म्हणून सुनेला तीनतीनदा विचारतात. बाजाराला एकटे जात नाहीत, वाट चुकेल म्हणतात. जो माणूस सात गाळ्यांतला एकेक बोल्ट तोंडपाठ सांगायचा, तो आपल्या हातून काय झालं आणि काय राहिलं हे दुसऱ्याला विचारू लागला. मी ते ऐकायचो आणि हातातलं काम करत राहायचो. सांगायचं आहे, सांगायचं आहे, असं म्हणत उन्हाळा गेला, पाऊस लागला.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांचा मुलगा दुकानात आला. कसल्या तरी फॉर्मला त्याला स्वतःचे फोटो हवे होते. मी त्याला टोपी काढायला सांगितली, हनुवटी वर करायला सांगितली. तो म्हणाला, "बाबाले नागपूरले नेऊन राहिलो पुढच्या आठवड्यात. मेंदूच्या डॉक्टरकडे."

"काय झालं?"

"आम्हाले तं काही दिसत नाही. तेच म्हणते, माझं डोकं गेलं, दाखवून द्या."

त्याचे फोटो त्या दिवशी हलले. मी पुन्हा काढून दिले. आणि तो गेल्यावर दुकानाचं शटर ओढून तीन किलोमीटरच्या फेऱ्यानं टोलीला गेलो.

डोमाजी ओसरीवर खाटेवर बसले होते. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली जुना रेडिओ ठेवलेलं कपाट. सून चुलीपाशी होती. मी उभ्यानंच सांगितलं. थिनर, पॉलिश पेपर, धूळ, सगळं.  सुनेचे हात थांबले.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. डोमाजींनी विचारलं, "किती पुसल्या?"

"चार."

"कुठल्या कुठल्या?"

"दोन डाव्या अंगाला, लागून. एक मधात. एक पलीकडच्या टोकाला."

त्यांनी अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं, एकदा, दोनदा. "डाव्या दोन. मधली. शेवटची," ते म्हणाले. "बरोबर आहे. चारच होत्या." मग त्यांनी मोठा श्वास सोडला, तोंड एवढं मोकळं झालं की मला पाहवेना. सुनेला हाक मारली, "ऐकलं का? केल्या होत्या मी." सून माझ्याकडे पाहत होती. 

डोमाजी उठले, खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली. "चला," मला म्हणाले.

"कुठी?"

"सुनीताकडे. तिले सांगा लागते ना."

माझ्या मोटरसायकलवर ते मागे बसले. टोलीच्या दुसऱ्या टोकाला सुनीताचं घर. ती अंगणात पाय लांब करून बसली होती, पुढ्यात तांदूळ पाखडायचं सूप. सासूनं खुर्च्या आणल्या. तिच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, त्यामुळे तिनं माझ्या खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली.

डोमाजी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, त्या फळीवर मी खूण केलो होतो. हे भाऊ सांगतील." आणि माझ्याकडे पाहून थांबले.

सुनीता माझ्याकडे पाहू लागली. तिची सासूही. मी सुनीताच्या पायाकडे पाहिलं. नडगीवर लांब शिवण होती.

"हो," मी म्हणालो. "मामाजींनी खूण केली होती. मी स्वतः पाहिली होती. नंतर गेली असेल."

"कशानं गेली?" सुनीतानं विचारलं.

"आता... उन्हापावसानं."

"माघात कुठी पाऊस होता?" ती म्हणाली. ती भांडत नव्हती, नुसतं विचारत होती.

 अंगणात एक कोंबडी सुपाकडे येत होती, सासूनं तिला हाकललं आणि म्हणाली, "जाऊ द्या मामाजी. वय झालं तुमचं. होते असं. आम्ही काही मनात ठेवलं नाही." आणि मला म्हणाली, "चहा घेता ना?"

मला वाटलं आता डोमाजी सांगतील. त्यांनी सांगावं, अशी मी मनातून वाट पाहत होतो. त्यांनी सांगितलं असतं तर मला फक्त मान खाली घालायची होती. ते माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. फळी ठोकल्यावर कान तिरपा करून थांबत, तेवढाच वेळ थांबले. मग त्यांनी सुनीताला विचारलं, "दुखते का अजून?" ती म्हणाली, "पाणी आलं का दुखते." त्यांनी मान हलवली. मी चहा घेतला. पूर्ण घेतला.

बाहेर येऊन मी मोटरसायकल चालू केली आणि ते मागे बसायची वाट पाहू लागलो.

"तुम्ही जा," डोमाजी म्हणाले. "मी पायी जातो."

"मामाजी, मी..."

"मले वाटलं तुम्ही सांगाल, म्हणून मी बोललो नाही," ते म्हणाले. "आता मी सांगणं बरं नाही. ते तुमचं आहे." मग आभाळाकडे पाहून म्हणाले, "जा, पाणी येऊन राहिलं. कॅमेरा भिजंल."

कॅमेरा मी आणलाच नव्हता. मी गाडी बंद केली. ते सडक सोडून धानाच्या खाचरांमधल्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून निघाले, हात पाठीमागे घेऊन, ओल्या मातीवर एकेक पाऊल टाकत. दोन्हीकडे रोवणी चालू होती. बायांची एक रांग चिखलात वाकलेली होती. त्यांतली एक कंबर सरळ करून मोठ्यानं म्हणाली, "मामाजी, एकटेच कुठी? नागपूरले जाऊन राहिले म्हणते ना तुम्ही डॉक्टरकडे?"

डोमाजी धुऱ्यावर थांबले.

"नाही जात," ते म्हणाले. "डोकं बरोबर आहे माझं."

बाया हसल्या. तेही हसले. मग पावसाची सर आली आणि ते पुढे चालू लागले.